वाळवंटातून एकट्याने मोटारसायकल: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

वाळवंटात एकट्याने गाडी चालवायची म्हटलं की डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात आणि सगळी तयारी त्या टेकड्यांसाठी सुरू होते. खरं तर जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा हिस्सा अशा टेकड्यांचा आहे. बाकी सगळी खडी, दगड, कोरडे नाले आणि खारट जमीन. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तो प्रदेश साधारणपणे वाळवंट समजला जातो, मग तिथे वाळू असो वा नसो. त्यामुळे तुमची खरी गाठ पडणार आहे ती खडीच्या लांबलचक रस्त्यांशी, अंतराशी आणि पाण्याशी.

एकट्या माणसाला अडचणीत आणतात त्या गोष्टी साध्या असतात. मुरगळलेला घोटा, दुसऱ्यांदा झालेलं पंक्चर, दिवस मावळताना चुकलेलं वळण. सोबत कोणी असलं तर यातलं काहीही अर्ध्या तासात निस्तरतं. एकटं असताना त्यातच दिवस जातो. म्हणून सामान भरताना, रस्ता निवडताना आणि चालवतानाही एकच प्रश्न सतत विचारायचा: गाडी इथेच बंद पडली, तर पुढचे चोवीस तास मी कसे काढणार? उत्तर ठाऊक असेल तर पुढे जा, नसेल तर तिथून मागे फिरा.

आधी ऋतू, मग रस्ता

सहारा, अरबस्तान, थर अशा उत्तर गोलार्धातल्या उष्ण वाळवंटांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. नामिब किंवा ऑस्ट्रेलियाला जायचं तर मे ते सप्टेंबर. गोबीचं गणित उलटं आहे. तिथला हिवाळा उणे चाळीस अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे तिकडे उन्हाळ्यातच जातात. उष्ण वाळवंटात मात्र उन्हाळ्यात एकट्याने जाऊच नका. ऑस्ट्रेलियातलं सिम्प्सन वाळवंट दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च प्रवाशांसाठी बंद ठेवतात, ते याच कारणासाठी.

हिवाळ्याचीही एक अडचण आहे: दिवस लहान असतो. अंधारात चालवायचं नाही, हे ठरलेलं असल्यामुळे हातात नऊ-दहा तासच उरतात. डांबरी रस्त्यावर थांबे धरून ताशी साठ किलोमीटरची सरासरी पडते, खडीवर पस्तीस-चाळीस आणि मऊ वाळूत पंधरासुद्धा कठीण. नकाशावरचं अंतर या हिशेबाने तासांत बदलून घ्या आणि जे येईल त्यात चौथा हिस्सा वाढवा.

पहिल्या प्रवासाचा कणा डांबरी रस्त्याचाच असू द्या. तिथून दिवसाआड एखादा खडीचा फाटा घ्यायचा, तोही दिवसातून निदान चार-सहा गाड्या जातात असाच. टेकड्यांमध्ये एकट्याने शिरायचं नाही. वाळू शिकायची असेल तर वस्तीजवळ, सामान उतरवून, कोणीतरी बघत असताना शिका.

वाटेवरच्या जमिनीबद्दल आधी माहिती काढा. खारट सपाट जमीन लांबून सिमेंटच्या धावपट्टीसारखी दिसते, पण वरचा पापुद्रा फुटला की खाली चिखल असतो आणि लादलेली गाडी त्यात अ‍ॅक्सलपर्यंत जाते. अशा जमिनीवर आधीच्या गाड्यांची ताजी चाकोरी असेल तरच जायचं, आणि ती सोडायची नाही. काही भागांत चाकोरी सोडण्याची किंमत याहून मोठी आहे: पश्चिम सहारातल्या लष्करी तटबंदीच्या आसपास आणि इजिप्तमध्ये अल अलामीनच्या परिसरात अजूनही जमिनीत पेरलेले सुरुंग आहेत.

गाडी आणि सामान

एकट्याने उचलता येईल तीच गाडी वाळवंटात आपली. दीडशे किलोची गाडी आणि अडीचशे किलोची गाडी यांत डांबरी रस्त्यावर आरामाचा फरक आहे. वाळूत, दमल्यावर, तिसऱ्यांदा उचलताना तो फरक सगळं ठरवतो. माझं स्पष्ट मत आहे की नवख्याने मोठ्या इंजिनाच्या मोहात पडू नये.

निघण्यापूर्वी घरीच गाडी आडवी पाडून उचलून बघा, पूर्ण सामानासकट. उजव्या कुशीवर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडा, पहिला गिअर टाका, हँडल पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेका आणि पायांच्या जोराने मागे मागे सरकत उभी करा. कमरेने उचलायला जाल तर कंबर धराल. सामानासकट उचलत नसेल तर एक तर सामान कमी करा, नाहीतर प्रत्येक वेळी उतरवायची तयारी ठेवा. पिशव्या मऊ असाव्यात, कारण पडताना पाय कडक पेटीखाली सापडला तर घोटा मोडतो. जड वस्तू खाली आणि मध्याकडे ठेवा, मागच्या टोकावर काहीही जड बांधू नका.

एअर फिल्टर रोज उघडून बघायचा. तेल लावलेला फोमचा फिल्टर असेल तर एक धुऊन तेल लावलेला जादा सोबत ठेवा. कागदी असेल तर एक नवा घ्या. चेनला ओलं, चिकट वंगण लावलं तर त्यावर वाळू बसते आणि चेन-स्प्रॉकेट दोन्ही घासून खाते. कोरडं वंगण वापरा किंवा नुसती पुसून ठेवा. साइड स्टँडखाली ठेवायला हाताएवढी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची चकती घ्या आणि तिला दोरी बांधा, म्हणजे निघताना खाली वाकावं लागत नाही. ती नसेल तर स्टँड हळूहळू वाळूत उतरतो आणि तुम्ही पाणी पीत असताना गाडी आडवी होते.

पंक्चरचं सामान वापरता येत असेल तरच त्याचा उपयोग. टायर रिमवरून काढून परत बसवण्याचा सराव घरी करा, मागच्या चाकाचाही. पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की उन्हाळी हवेत वाळून जाते, म्हणून छोट्या, न उघडलेल्या दोन-तीन घ्या. जागा कमी असेल तर जादा ट्यूब पुढच्या २१ इंची चाकाची घ्या: अडचणीच्या वेळी ती मागच्या १८ इंची चाकात बसवून वस्तीपर्यंत जाता येतं. याशिवाय क्लच आणि ब्रेकचे लीव्हर, क्लच केबल, चेनची कडी, थोडी तार, चिकटपट्टी आणि आपल्या गाडीला लागणारेच पाने. यापलीकडचं सामान मी तरी घेऊ नका म्हणेन.

पाणी

उष्ण, कोरड्या हवेत जाकीट घालून गाडी चालवताना तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो आणि तो कळतही नाही, कारण वाऱ्याने तो लगेच उडून जातो. कपडे कोरडे म्हणून घाम नाही, असं समजू नका. हिवाळ्यातल्या बऱ्या दिवशीही पिण्याचं पाच लिटर पाणी धरा. त्याशिवाय पाच लिटर वेगळं, ज्याला गाडी बंद पडल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे दहा किलो वजन झालं. इतर सामानात कपात करा, पण हे वजन कमी करू नका.

सगळं पाणी एका कॅनमध्ये नको. दोन-तीन भांड्यांत विभागून ठेवा, म्हणजे एखादं फुटलं तरी बाकीचं राहतं. पाठीवरच्या नळीच्या पिशवीतून चालवता चालवता घोट घोट पिता येतं, हा सगळ्यात चांगला मार्ग. बाटली सामानात असली की माणूस “पुढच्या थांब्यावर पिऊ” म्हणत राहतो. फक्त पाणी पीत राहिलात आणि मीठ पोटात गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ सुरू होतो आणि माणूस आणखी पाणी पितो. दिवसाला ओआरएसची एक-दोन पाकिटं वापरा. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने मोजून.

अडकून पडल्यावर पाणी पुरवून पिण्याचा मोह होतो. घोटभर पाणी चोवीस तास जपून ठेवणारा माणूस पाणी शिल्लक असताना कोसळू शकतो. तहान लागली की प्या. वाचवायचा तो घाम. दुपारी सावलीत बसून राहा, अंग झाका, काम सकाळ-संध्याकाळ करा.

कपड्यांबद्दल नव्या लोकांचा हमखास गैरसमज असतो. हवा त्वचेहून थंड असेपर्यंत, म्हणजे साधारण पस्तीस अंशांपर्यंत, वारा अंगाला गार करतो. त्यापुढे तोच वारा अंग तापवतो आणि जाळीचं जाकीट घालून चालवणं म्हणजे केस वाळवायच्या यंत्रासमोर बसणं. चाळिशीच्या आसपास जाकिटाची तोंडं जवळजवळ बंद करा, आतला बनियन आणि गळ्याभोवतीचा रुमाल भिजवा. कोरड्या हवेत ते पाणी उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. वाटेत कुठेही पाणी मुबलक मिळालं की ही संधी सोडू नका.

ऊन लागायला लागलं हे एकट्या माणसाला सांगणारं कोणी नसतं, आणि आधी बिघडते ती नेमकी विचार करण्याची शक्ती. म्हणून प्रत्येक थांब्यावर मोठ्याने एक हिशेब करा: किती किलोमीटर आलो, किती उरले, टाकीत किती पेट्रोल, त्यात किती जाईन. अडखळलात, चिडचिड झाली, उन्हात अंगावर काटा आला, लघवी गडद झाली किंवा साधा गिअर चुकायला लागला, तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. सावली, ओले कपडे, वारा, मीठ-साखरेचं पाणी. शरीराचं तापमान चाळीस अंशांपुढे जाऊन भान सुटलं की तो उष्माघात, आणि तिथून एकट्याने स्वतःला सोडवता येत नाही. त्याच्या खूप आधी थांबणं हाच उपाय.

पेट्रोल

गाडीचं रोजचं अ‍ॅव्हरेज इथे धरू नका. मऊ जमिनीवर आणि समोरच्या वाऱ्यात ते एक तृतीयांशाने सहज घसरतं. पुढचा पंप चालू असेलच असंही नाही. म्हणून पोहोचायला लागेल त्याच्या दीडपट पेट्रोल घेऊनच सुटा आणि मिळेल तिथे टाकी फुल करा. कॅन काठोकाठ भरू नका. पाच लिटर पेट्रोल तीस अंशांनी तापलं की साधारण दीडशे मिलिलीटरने फुगतं. पेट्रोल आणि पाण्याचे कॅन वेगळ्या रंगाचे असावेत आणि गाडीच्या वेगळ्या बाजूंना बांधावेत.

टायरची हवा आणि वाळूतलं चालवणं

वाळू दिसली की थांबा, उतरा आणि चालत जाऊन बघा. किती लांब आहे, किती खोल आहे, बाजूने वाट आहे का? पन्नास पावलं चालण्याने अर्धा दिवस वाचतो.

पट्टा लांबलचक असेल तर हवा कमी करा. डांबरीवर तीस-बत्तीस पीएसआय असेल तर अठरा-वीसपर्यंत उतरवा. टायर पसरतो, त्याची टेकण्याची जागा लांब होते आणि गाडी वाळूवर तरंगते. ट्यूबच्या टायरमध्ये याहून खाली गेलात तर टायर रिमवर घसरतो, सोबत ट्यूबही फिरते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. हे आधी ओळखता येतं. व्हॉल्व्ह रिममधून सरळ बाहेर आलेला असतो. तो एका बाजूला कलायला लागला की टायर सरकतो आहे. व्हॉल्व्हचं नट रिमला घट्ट आवळू नका, वरच्या टोपणापाशी नेऊन ठेवा, म्हणजे कललेला व्हॉल्व्ह दिसतोही आणि लगेच फाटतही नाही. वाळू संपली की पुन्हा हवा भरायची, कंटाळा करायचा नाही: कमी हवेत खडीवर वेगाने गेलात तर रिम वाकतो. हवा मोजायची ती सकाळी, टायर गार असताना.

आता प्रत्यक्ष चालवणं. उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, वजन थोडं मागे घ्या. दुसरा किंवा तिसरा गिअर, रेस एकसारखी. चार-पाच मीटर गेलात की पुढचं चाक डावी-उजवीकडे भटकायला लागतं, हँडल हातात वळवळतं आणि मन ओरडून सांगतं की रेस सोड, ब्रेक दाब. नेमकं हेच करायचं नाही. रेस सोडली की वजन पुढे येतं, पुढचं चाक वाळूत रुततं आणि गाडी जागच्या जागी आडवी होते. हँडल सैल धरा, चाकाला थोडं भटकू द्या, नजर वीस-तीस मीटर पुढे ठेवा आणि रेस किंचित वाढवा; चाक आपोआप सरळ होतं. वळायचं असेल तर पायाने फुटपेग दाबून वळा. थांबायचं असेल तर पुढच्या ब्रेकला हात न लावता रेस सोडा, वाळू स्वतःच थांबवते. शक्यतो उताराच्या तोंडाशी किंवा टणक जागी थांबा.

पहाटेची वाळू गार, कधी दवाने किंचित ओलसर असते आणि चाक उचलून धरते. दुपारी तीच वाळू सुटी होते. शिवाय दुपारी सावल्या पडत नाहीत, त्यामुळे समोरचा खड्डाही सपाट दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात जमीन नीट वाचता येते. वाळूचा भाग नेहमी सकाळी पार करा.

वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य आणि घट्ट असते. वाऱ्याआडची बाजू साधारण ३२ ते ३४ अंशांची, सुट्या वाळूची. माथ्यावरून पलीकडे काय आहे हे न बघता गाडी टाकणं हे टेकड्यांमधल्या अपघातांचं मोठं कारण आहे. खडीच्या रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा लागल्या तर रस्त्याच्या कडेला नितळ पट्टी शोधा. वेगाने गेलं की हादरे कमी लागतात हे खरं आहे, पण त्या वेगात चाकं जमिनीला धड टेकलेली नसतात आणि ब्रेक लागत नाही.

चाक रुतलं आणि गाडी पुढे सरकेना, तर रेस द्यायची थांबवा. प्रत्येक फिरक्याबरोबर मागचं चाक आणखी खोल जातं आणि क्लचच्या प्लेटा जळतात. त्याचा जळका वास एकदा आला की विसरत नाही. इंजिन बंद करा, पाणी प्या, सामान उतरवा. गाडी हळूच आडवी करा, मागचं चाक खड्ड्यातून ओढून बाजूला घ्या, खड्डा वाळूने भरून पायाने दाबा आणि मग उभी करा. नंतर गाडीवर न बसता बाजूने चालत, पहिल्या गिअरमध्ये, क्लच हलका सोडत तिला टणक जागी न्या.

वाट आणि संपर्क

१९७७ मध्ये अबिजान-नीस रॅलीत तिएरी साबिन हा फ्रेंच मोटारसायकलस्वार वाळवंटात वाट चुकला आणि मरता मरता वाचला. त्यानेच पुढे डाकार रॅली सुरू केली; पहिली रॅली २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघाली. रॅलीत निदान शोधणारे लोक असतात. तुम्हाला ते आधी नेमून ठेवावे लागतील.

घरचा किंवा मित्रांपैकी एक विश्वासू माणूस ठरवा. त्याच्याकडे रोजचा मार्ग, मुक्कामाची जागा, गाडीचा रंग आणि नंबर, आणि त्या भागातल्या पोलिसांचा व बचाव यंत्रणेचा नंबर लेखी द्या. त्याला वेळ ठरवून द्या: संध्याकाळी आठपर्यंत निरोप आला नाही तर आधी मुक्कामी फोन, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पोलिसांना फोन. “काळजी वाटली तर बघ” असं मोघम सांगून ठेवलं तर तो बिचारा दोन दिवस संकोचात घालवतो. आणि ठरलेला मार्ग मनात आलं म्हणून बदलायचा नाही. बदललात तर आधी कळवायचं.

नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स नेटवर्कशिवाय चालतात. जाताना आपला माग नोंदवत राहा, परतताना तोच उपयोगी पडतो. फोन हँडलवर उन्हात तापून बंद पडतो, म्हणून कागदी नकाशा आणि साधं होकायंत्रही हवं. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र एकट्यासाठी फार मोलाचं आहे, पण भारतासह काही देशांत परवानगीशिवाय ते किंवा सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे आणि परदेशी प्रवाशांना त्यावरून अटकही झाली आहे. देश कोणता, तिथला नियम काय, हे बघूनच घ्या. जिथे चालतं तिथे ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला संकटाचा इशारा देणारं यंत्र, हाही चांगला पर्याय, मात्र तो आपल्या नावावर नोंदवलेला हवा.

थांबणं आणि मुक्काम

सूर्यास्ताच्या एक तास आधी दिवस संपवा. रात्री उंट, गुरं उबेसाठी तापलेल्या डांबरावर येऊन बसतात, आणि उंटाचे पाय लांब असल्यामुळे धडकेत त्याचं धड थेट चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. कोरड्या नाल्यात तंबू लावू नका, तिथली सपाट वाळू कितीही मोहात पाडो; पन्नास किलोमीटरवर पडलेल्या पावसाचं पाणी निरभ्र आकाशाखाली येऊन धडकतं. रात्री ढग नसल्याने जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते, तेव्हा दिवसाच्या उन्हावर भुलून उबदार कपडे घरी ठेवू नका. सकाळी बूट झटकून घाला, विंचवांना बुटातली जागा आवडते.

वाळूचं वादळ येताना क्षितिजावर तपकिरी भिंत दिसते. रस्त्यापासून चांगलं दूर जा, गाडी बंद करा, दिवेही बंद करा, नाहीतर मागून येणारा दिव्याच्या रोखाने येईल. फिल्टरच्या तोंडावर कापड बांधा, नाका-तोंडावर ओला रुमाल, वाऱ्याकडे पाठ करून गाडीच्या आडोशाला बसून राहा. नंतर निघताना वळणावर सांडलेल्या वाळूकडे लक्ष ठेवा.

गाडी बंद पडलीच तर

गाडी सोडून चालत निघू नका. १९८२ च्या पॅरिस-डाकार रॅलीत ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधानांचा मुलगा मार्क थॅचर आणि त्याचे दोन साथीदार सहारामध्ये सहा दिवस बेपत्ता होते. ते आपल्या गाडीजवळ राहिले आणि विमानातून केलेल्या शोधात सापडले. चालणारा माणूस वरून ठिपकाही दिसत नाही. गाडी दिसते, शिवाय तिचा आरसा उन्हाचा झोत किलोमीटरभर दूर फेकतो, तिचं पेट्रोल आणि तेल जाळ आणि काळा धूर देतं, आणि तिच्यावर कापड ताणलं की सावली होते. तीनदा चमक, तीन शिट्ट्या, तीन जाळ ही संकटाची खूण सगळीकडे समजते. वस्ती समोर दिसत असेल आणि वाट चुकण्याची शक्यताच नसेल, तरच संध्याकाळी निघा. गाडीवर मागे चिठ्ठी ठेवा: कधी निघालो, कुठल्या दिशेने, सोबत किती पाणी.

सुखरूप बाहेर पडलात की खोलीवर जाऊन आंघोळ करण्याआधी त्या ठरवलेल्या माणसाला निरोप द्या, नाहीतर सकाळी आठला तुमचा शोध सुरू होईल. मग गाडी: एअर फिल्टर आणि इंजिन ऑइल बदला, चेन-स्प्रॉकेट धुवा, चाकांच्या बेअरिंगमध्ये वाळूची करकर येते का ते चाक उचलून हाताने फिरवून बघा, सैल स्पोक घट्ट करा. पुढच्या चाकातली ट्यूब बाहेर काढून तिच्यातली आणि टायरमधली वाळू झटका; ती तशीच राहिली तर महिनाभराने डांबरी रस्त्यावर पंक्चर करते.